फाटकापाशी थांबलेल्या बाई

"पळा, पळा. मी येतेच."

आमच्या टीसी बाईंचं हे वाक्य ज्याने ऐकलं नाही, तो वाणगाव स्टेशनावर विनातिकीट कधी उतरलाच नाही असं खुशाल समजा. मी तिथे तिकीट खिडकीत बसायचो. खिडकीतून फलाटाचं टोक दिसायचं, आणि त्या टोकावरून उडी मारून भाताच्या बांधांवरून पळणारी तरणी पोरंही दिसायची. दुसरा कुणी टीसी असता तर शिवी हासडून गप्प बसला असता. बाई शांतपणे पर्स माझ्याकडे द्यायच्या, काळ्या कोटाची बटणं लावायच्या, साडीचा पदर खोचायच्या आणि वरचं वाक्य म्हणून निघायच्या. साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट असत. पळणाऱ्याला ते दिसत नसत, तिथेच तो फसायचा.

एकदा मी पुलावरून सगळा प्रकार पाहिला. पोरगा जिवाच्या आकांताने पळत होता. बाई त्याच्या बरोबरीला गेल्या. पकडलं नाही, हात लावला नाही. शेजारून पळत त्या गप्पा मारू लागल्या. तो पोरगा नंतर माझ्या खिडकीपाशी दंड भरायला आला तेव्हा मी विचारलं, "काय म्हणत होत्या रे?"

"गाव कुठलं विचारलं. आई काय करते विचारलं. मग म्हणाल्या, तोंडाने श्वास घेतोस म्हणून दमतोस, नाकाने घे. मी घेतला नाकाने. तरी दमलो. चिकूच्या वाडीपाशी मीच बसलो."

परत येताना बाईंची पाण्याची बाटली त्याच्या हातात होती, आणि ती त्यानेच रिकामी केली होती.

म्हाताऱ्यांच्या मागे मात्र त्या कधी पळाल्या नाहीत. उंबरगावकडचे एक काका पास संपलेला असूनही रोज घाईघाईने जिना चढायचे. पडाल म्हणून बाई खालूनच त्यांच्या गुजरातीत हाक मारायच्या, "धीमे धीमे काका, पडी जशो." काका शरमून थांबायचे. पळण्यापेक्षा थांबायला लावणं सोपं, असं बाई म्हणत.

नोकरीला नवा लागलो तेव्हा मला वाटलं, बाईंना नुसतीच पळायची खोड आहे. मग आमच्या स्टेशन मास्तरांनी सांगितलं की बाई एके काळी देशातल्या पहिल्या काही मॅरेथॉन धावणाऱ्या बायकांपैकी होत्या, आणि रेल्वेत लागल्या त्या खेळाच्या कोट्यातून. मी त्यांना विचारलं, "ताई, खरं का हे?" त्या म्हणाल्या, "खरं आहे, पण आता त्याचं काय करायचं? डबा खा."

पण डबा खाताना माणूस बोलतो. नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी संपेपर्यंत बाईंचं एखादं वर्ष उलगडायचं.

त्या तलासरीच्या वरच्या अंगाच्या एका डोंगरी गावच्या. घरची भाताची आणि नाचणीची शेती. शाळेत साहेब तपासणीला येणार म्हणून गुरुजींनी त्यांना खाली सडकेवर उभं केलं होतं. जीप दिसली की येऊन सांगायचं. जीप दिसली. जीपला घाटाची वळणं घ्यायची होती, बाईंना नव्हती. त्या सरळ डोंगर चढून शाळेत पोचल्या. साहेब आले तोवर वर्ग झाडून झाला होता, मुलं प्रार्थनेला उभी होती आणि गुरुजींनी धुतलेली टोपी घातली होती. साहेबांनी हसून विचारलं, "मी येतोय हे कुणी सांगितलं?" गुरुजी खोटं बोलण्यातले नव्हते. त्यांनी धापा टाकणाऱ्या मुलीकडे बोट केलं. साहेबांनी जीपकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, आणि तपासणी राहिली बाजूला. पुढच्याच महिन्यात बाई जिल्ह्याच्या शर्यतीत होत्या.

त्यांचे कोच म्हणजे गावात परतलेले एक निवृत्त हवालदार. त्यांची सगळी विद्या एका शब्दात मावायची, "अजून." बाई चारोटीपर्यंत धावून आल्या की म्हणायचे, अजून. उलट्या झाल्या की म्हणायचे, अजून. शर्यत जिंकून आल्या तेव्हाही तेच म्हणाले. तेव्हा हातात पेढा होता, म्हणून बाईंनी त्यांना अजून एक दिला.

पहाटे हायवेवर एकटी मुलगी धावते हे बरं नाही, म्हणून हवालदारांनी बाईंच्या भावाच्या ओळखीचा एक मुलगा सायकलवर मागे ठेवला. त्याच्याकडे पाण्याचा कॅन आणि लिंबू-मीठ. बाई धावायच्या, तो सायकल मारायचा, आणि धाप त्यालाच लागायची. चारोटीच्या एका ढाबेवाल्याने एका सकाळी पाहिलं की पोरगी जीव घेऊन पळतेय आणि सायकलवरून एक दाढीवाला तिचा पाठलाग करतोय. त्याने दांडकं घेऊन सायकल आडवी पाडली. दोन ट्रकवाले मदतीला उतरले. बाई बरंच पुढे गेल्यावर त्यांना मागे ओरडा ऐकू आला.

"धावताना मागे फिरले ती तेवढीच," बाई सांगायच्या. "जाऊन बघते तर हे खाली, तिघं वर. मी म्हटलं, सोडा त्याला, तो माझा आहे. म्हणायचं होतं, माझ्या पाण्याचा माणूस आहे. पण दम लागलेला, वाक्य अर्धंच आलं. ह्यांनी ते खरं धरलं."

त्याच वर्षी लग्न झालं. मी एकदा त्यांच्या यजमानांना विचारलं की मार लागला होता का. ते म्हणाले, "लागला. पण वसूल झाला."

बक्षिसांचं तर विचारूच नका. पुरुषांना स्कूटर मिळायची आणि बायकांना मिक्सर. बाईंच्या गावात वीज नव्हती. तो मिक्सर त्यांच्या सासूबाईंनी विणलेलं झाकण घालून फळीवर ठेवला होता. पाहुणे आले की झाकण काढून दाखवायचा आणि परत घालायचा. पुढे वीज आली. साऱ्या पाड्यासमोर मिक्सर लावला, तर गरगर फिरला, धूर सोडला आणि मेला. सासूबाई म्हणाल्या, "बसून बसून दम गेला त्याचा." हे वाक्य बाईंनी पुढे आयुष्यभर माझ्यावर वापरलं. मला रक्तदाब निघाल्यापासून तर त्या मला रोज संध्याकाळी बाजारापर्यंत चालवत न्यायच्या. मी भज्यांच्या गाडीपाशी रेंगाळलो की म्हणायच्या, "भाऊ, मिक्सर आठवा."

नोकरीतली डॉक्टरी तपासणी हीसुद्धा एक गंमतच. नवीन आलेल्या डॉक्टरांनी एकदा नाडी धरली आणि त्यांचा चेहरा उतरला. नाडी इतकी सावकाश की त्यांनी परत मोजली, यंत्र बदललं, मग म्हणाले, "तुम्ही आधी झोपा बघू." बाई म्हणाल्या, "ती तशीच चालते. घाई नसली की घाई करत नाही." डॉक्टरांना पटेना. शेवटी बाईंनी त्यांना घेऊन दवाखान्याचे जिने चढून दाखवले. खाली आल्यावर झोपायची पाळी डॉक्टरांवर आली.

हे सगळं त्या हसत सांगायच्या. एकच गोष्ट सांगायला त्यांनी बरीच वर्षं घेतली. तीही मी खोदून विचारलं म्हणून. मला कुणीतरी म्हणालं होतं की बाई परदेशात धावायला जाणार होत्या, थोडक्यात राहिलं. मी विचारलं, "पाय दुखावला होता का?"

"पाय ठणठणीत होता," बाई म्हणाल्या. "फाटक पडलं."

झालं होतं असं. लांबच्या एका शहरात निवड-शर्यत होती. बायकांमध्ये पहिली येईल ती परदेशी जाणार. भरवणाऱ्यांनी रस्ता आखला, पोलिसांना सांगितलं, सरबताची टेबलं मांडली. वाटेत रेल्वेचं फाटक लागतं हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. बाई सगळ्यांच्या पुढे होत्या. बेचाळीस किलोमीटरपैकी थोडंच उरलं होतं. त्या फाटकापाशी आल्या आणि समोर दांडा खाली आला.

मागून पुण्याची एक मुलगी येत होती. तीच एकटी बाईंच्या तोडीची. ती आली, वाकली, दांड्याखालून गेली, रूळ ओलांडले आणि पलीकडून धावत सुटली. गाडी अजून दिसतही नव्हती. रस्त्याकडेचे लोक बाईंना ओरडून सांगत होते, जा, जा, वेळ आहे. बाई दांड्याच्या अलीकडे जागच्या जागी पाय हलवत उभ्या राहिल्या.

"का पण?" मी विचारलं.

"भाऊ, नोकरीला लागून थोडेच महिने झाले होते. आम्हा रेल्वेवाल्यांचंच काम होतं लोकांना सांगायचं की पडलेल्या फाटकातून जाऊ नका. मी वाकले असते तर दुसऱ्या दिवशी कुणाला कुठल्या तोंडाने अडवलं असतं?"

"कोण बघत होतं तिथे?"

"गेटमन बघत होता ना. आपलाच माणूस. तो बिचारा मला हात जोडत होता. उघडता येत नव्हतं आणि मी थांबलेली बघवत नव्हती."

मी विचारलं, "रडलात?"

"रडले की. मालगाडी होती. डबे पुष्कळ होते, वेळ होता."

फाटक उघडल्यावर त्या जशा सुटल्या तशा आयुष्यात कधी धावल्या नव्हत्या, पण पुण्याची मुलगी दोरीला लागली तेव्हा बाई अजून रस्त्यावर होत्या. तक्रार कुणी केली नाही. बाईंना सुचलं नाही आणि हवालदारांना कुणाशी बोलायचं ते माहीत नव्हतं. दोघं परतीच्या गाडीत समोरासमोर बसले. हवालदार खिडकीतून मागे जाणारी स्टेशनं पाहत होते. मग म्हणाले, "गाडी कुठली होती?"

"मालगाडी."

"मालगाडी," हवालदार म्हणाले. "मेल असती तर मला इतकं वाटलं नसतं."

पुढच्या वर्षी बाईंना मुलगी झाली. त्यानंतरही त्या धावल्या, चांगल्या धावल्या, पण ते बोलावणं परत आलं नाही.

बाई निवृत्त व्हायच्या आदल्या महिन्यात एक मोटार स्टेशनाबाहेर थांबली. आतून एक बऱ्याच जाड बाई काठी टेकत उतरल्या आणि माझ्या खिडकीशी येऊन टीसी बाईंचं माहेरचं नाव घेऊन विचारू लागल्या. ते नाव आमच्या स्टेशनावर कुणालाच माहीत नव्हतं. मी म्हटलं, इथे अशी कुणी नाही. तेवढ्यात बाई फलाटावरून आल्या आणि थबकल्या. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. मग बाई मला म्हणाल्या, "भाऊ, चहा सांगा. हीच ती, पुण्याची."

मी चहा सांगितला आणि हलायचं नाही असं ठरवलं. तुम्हीही हलला नसता.

पुण्याच्या बाईंनी सांगितलं की परदेशात त्यांच्या पायांत थंडीने गोळे आले आणि त्या अर्ध्यातच रस्त्याकडेला बसल्या. कुणीतरी अंगावर घोंगडी टाकली. भाषा येत नव्हती. परत आल्यावर सत्कार झाले. कुणी शर्यतीचं विचारलं की त्या थंडीबद्दल बोलायच्या. "पण मी तिथे बसले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तू होतीस," त्या म्हणाल्या. "रूळ ओलांडल्यावर मी मागे वळून पाहिलं होतं. तू उभी होतीस. मला वाटलं, तूही येशील. तू आलीच नाहीस. इतकी वर्षं म्हणतेय, जाऊन तिला विचारावं, रागावलीस का."

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"रागावले होते," त्या म्हणाल्या. "खूप वर्षं. मग मुलगी मोठी झाली, सासू आजारी पडली, आणि राग कुठे ठेवला तेच आठवेना." मग त्यांनी मैत्रिणीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "बरं झालं तेव्हाच वाकलीस. आज वाकली असतीस तर मालगाडीला थांबावं लागलं असतं."

पुण्याच्या बाई हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या, आणि नंतर कळेना की त्या काय करतायत. बाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "नाकाने घे श्वास, नाकाने." त्या संध्याकाळी दोघी डहाणूला समुद्रावर गेल्या. बाईंनी दुसऱ्या दिवशी अहवाल दिला, "वाळूत चालली बरं का ती, काठी टाकून. सवय आहे अजून."

निवृत्तीनंतर बाई वर गावी गेल्या. मी अधूनमधून जायचो. त्यांनी नाचणी लावली होती, कोंबड्या पाळल्या होत्या, आणि गावातल्या बायकांना सकाळी डोंगराला एक वळसा मारायला लावलं होतं. बायका कुरकुरत जायच्या आणि खिदळत परतायच्या. मला त्या बांधावर बसवून भाकरी वाढायच्या आणि म्हणायच्या, "भाऊ, पोट कमी झालंय." ते झालेलं नसायचं.

गेल्या पावसाळ्यात लावणी चालू असताना त्यांना ताप आला. अंगावर काढला. तलासरीला नेलं, तिथून पुढे नेलं, आणि काही दिवसांतच यजमानांचा मला फोन आला. ते एवढंच म्हणाले, "भाऊ, या. ती गेली."

मी पोचलो तेव्हा अंगणात माणूस मावत नव्हता. आमच्या स्टेशनावरची मंडळी होती, खाली चारोटीहून आलेली होती, आणि तोंडओळख नसलेली कितीतरी तरणी पोरं होती. मी विचारलं नाही, पण कधीतरी चिकूच्या वाडीपर्यंत पळालेली असणार असा अंदाज आला. त्यांतल्याच चौघांनी बाईंना खांद्यावर घेतलं.

स्मशान ओढ्याच्या काठी. वाट उतरणीची, चिखलाने निसरडी. पोरं जपून, एकेक पाऊल बघून टाकत होती. सगळी अंत्ययात्रा मुंगीच्या पावलाने चालली होती. पुढे मडकं धरलेला पुतण्या, मागे यजमान, त्यांच्या मागे मी. यजमानांनी बराच वेळ सोसलं. मग त्यांना राहवेना.

"अरे पोरांनो, जरा पाय उचला," ते म्हणाले. "असं रेंगाळलेलं तिला चालायचं नाही."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग त्यांनी पाय उचलले. बघता बघता सगळी माणसं झपाझप चालू लागली, म्हाताऱ्या बायकासुद्धा. चिखल उडत होता आणि कुणी घसरत नव्हतं. मला मात्र पहिल्याच वळणावर धाप लागली. मंडळी झाडांआड दिसेनाशी झाली. मी एका खडकाला हात टेकून उभा राहिलो, श्वास जमवला आणि एकटाच खाली उतरलो.

ओढ्यापाशी पोचलो तेव्हा त्यांनी बाईंना खाली ठेवलं होतं आणि सगळे माझी वाट पाहत उभे होते.