चौथी गोलकीपर

आमच्या प्रज्ञाला पुण्याच्या मोठ्या क्लबात पाठवायचा निर्णय बहुमताने झाला. घरात मतदार दोनच होते, प्रज्ञा आणि मी, आणि तिचं मत विरोधात होतं. तरीही बहुमत माझं कसं झालं, हे मला आजवर कुणाला नीट सांगता आलेलं नाही.

प्रज्ञा माझी मुलगी. गोलकीपर. तिची आई गेली तेव्हा ती सहावीत होती. तेव्हापासून बीबी गावातल्या आमच्या घरात आम्ही दोघंच. माझं मोटर भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटर जळाली की लोक ती माझ्याकडे आणतात, मी आतली जळकी तार काढून नवी भरून देतो. पोरीला फुटबॉलचा नाद लावला तो शाळेतल्या शेख सरांनी. तिचे सामने नेमके बाजाराच्या दिवशी असत आणि त्याच दिवशी दुकानात गर्दी. त्यामुळे तिला खेळताना मी एकदाही पाहिलं नव्हतं. (तिने जिंकलेले कप मात्र सगळे पाहिलेत. दुकानात त्यांत नटबोल्ट ठेवतो.)

बारावी झाल्यावर तिला दोन क्लबांनी बोलावलं. एक परतवाड्याचा. मैदान खडबडीत, राहायला पत्र्याची खोली, पण दर सामन्यात खेळवू असा शब्द. दुसरा पुण्याचा, बड्या लोकांचा. तिथं वसतिगृह, व्यायामशाळा, आहार ठरवून देणाऱ्या बाई, आणि गरम पाण्याची, गार पाण्याची व बर्फाच्या पाण्याची अशी तीन तऱ्हेची आंघोळ. आमच्याकडे नळ आठ दिवसांनी येतो. मी त्या आंघोळीवरच भुललो.

शेख सर दुकानात येऊन बसले. चहा निम्मा ठेवून म्हणाले, “मिस्तरी, मोठ्या क्लबात गोलकीपर चार असतात. गोल एकच असतो.”

मी म्हटलं, आमची प्रज्ञा त्या चौघींत पहिली. हे मी छातीठोकपणे सांगितलं. तिचा खेळ पाहिलेला नसला की माणसाला असं सांगणं सोपं जातं.

ती चौथी निघाली.

हे तिने पहिल्याच आठवड्यात फोनवर सांगितलं. मी म्हटलं, नवीन आहेस, होईल. पुढच्या महिन्यातही मी तेच म्हटलं. मग तिने सांगणं सोडलं आणि मी विचारणं. आमच्या बोलण्यात जेवणाशिवाय विषय उरला नाही. ती सांगायची, आज ब्रोकोली नावाची उकडलेली हिरवी फुलं होती. मी सांगायचो, खिचडी. रोज संध्याकाळी मी सवयीने दोघांची खिचडी टाकायचो, उरलेली सकाळी खायचो, आणि सकाळची सवय मोडू नये म्हणून परत संध्याकाळी दोघांचीच टाकायचो. रेडिओ लावला तर घर आणखीनच रिकामं वाटायचं. माझ्यापुरता तर्क मी लावून ठेवला होता: मी इथं एकटा असलो तरी पोरगी तिथं पन्नास जणींत आहे.

गावात मात्र प्रज्ञा जोरात खेळत होती. कोणी विचारलं की मी एखादा गोल अडवून द्यायचो. पहिल्यांदा साधाच अडवला. मग उजवीकडे झेप घेऊन. पावसाळा लागेपर्यंत ती दोन पेनल्टी अडवून बसली होती. मोसंबीवाले विठ्ठलभाऊ मोटर न्यायला आले की मोटरीचं नंतर, आधी प्रज्ञाचं विचारायचे. त्यांचा उत्साह पाहून एकदा मी तिच्या अंगठ्याला मार लागलेलाही सांगितला. त्यांनी हळद पाठवली.

चौदा महिन्यांनी मला तिला खेळवत नाहीत हे असह्य झालं. तिला न कळवता पुणे गाठायचं, सामना पाहायचा आणि तिथल्या प्रशिक्षकाला दोन शब्द सुनावायचे, असं ठरवून मी मेहकरहून एसटी पकडली. विठ्ठलभाऊंनी पिशवीभर मोसंबी दिली.

मैदानाच्या फाटकावर पहारेकऱ्याने पास मागितला. पास लागतो हेच मला माहीत नव्हतं. मी खिसे चाचपू लागलो, तर हातात टेस्टर आणि पक्कड आली. (दुकानाचाच शर्ट घालून निघालो होतो.) त्याने ते पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, सकाळपासून फोन करतोय, होता कुठं, गवताला पाणी मारायची मोटर बंद आहे, साहेब चिडलेत. आणि मला दंडाला धरून आत नेलं.

खरं सांगायला हवं होतं. पण मी विचार केला, आत तर आलो, दहा मिनिटांत मोटर चालू करू आणि सामना बघू. शिवाय बंद मोटर दिसली की माझा पाय हलत नाही. झाकण उघडलं तर कपॅसिटर गेलेला. तो आणायला माणूस पळाला. तेवढ्यात मला स्टार्टरच्या जळक्या तारा दिसल्या, त्या बदलल्या. बेअरिंग आवाज करत होतं, त्याकडेही बघितलं. भिंतीपलीकडे लोक एकदा ओरडले, मग टाळ्या झाल्या, मग शिटी. मी मोटर चालू केली. सुरेख आवाज निघाला. मी हात पुसत बाहेर आलो तर समोर प्रज्ञा उभी. गुडघ्यांना चुना, हातात मोजे.

“पप्पा? तुम्ही इथं कसे?”

“तुले पाह्याले आलो.”

“मंग पाह्यलं?”

मी हाताच्या ग्रीसकडे पाहिलं.

पहिल्या गोलकीपरचं बोट दुखावलं होतं, दुसरी तापाने पडली होती आणि तिसरी गावी गेली होती. शेवटची सहा मिनिटं प्रज्ञाला मैदानात उतरवलं होतं. चौदा महिन्यांतली सहा मिनिटं, आणि ती सगळी मी पंपाच्या खोलीत घालवली होती.

आम्ही रिकाम्या पायऱ्यांवर बसलो. मी तिला मोसंबी सोलून दिली. एकही बॉल आपल्याकडे आला नाही, असं ती म्हणाली. मग परतवाड्याचे लोक अजून जागा द्यायला तयार आहेत, तेही सांगितलं. मी आंघोळीचा विषय काढला. इतकी सोय, इतके दिवस काढले, आता नंबर लागेल वगैरे.

तिने मोजे नीट घडी करून मांडीवर ठेवले.

“पप्पा, पावसाळ्यात आठ दिवस एक मोटर येत नाही, तवा तुम्ही दुकानात कसे बसता? धड जेवत नाही. माह्याशीही बोलत नाही.”

“मंग?”

“मी चवदा महिने तशी बसून हाये. पन्नास जणींत बसून हाये, येवढंच.”

मी तिच्या हातांकडे पाहिलं. आईसारखे लांब हात. ती घरी असताना ते कायम सोललेले, खरचटलेले असायचे. आता अगदी मऊ, स्वच्छ होते, जसे माझे पावसाळ्यात होतात. मी उरलेली मोसंबी तिच्याकडे दिली आणि म्हटलं, कुठं सही करायची ते सांग.

गावात परत येऊन सगळे गोल एकेक करून परत घेणं फार अवघड गेलं. विठ्ठलभाऊंना दोन्ही पेनल्टींचं खरं सांगितलं. ते म्हणाले, “अंगठा तरी दुखला होता का?” मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी नंतर हळदीचा विषय कधी काढला नाही.

परतवाड्याच्या पहिल्या सामन्याला मी बाजाराच्या दिवशी दुकान बंद ठेवलं. पण अकोल्याला गाडी चुकली आणि पोचलो तेव्हा खेळ सुरू झाला होता. घाईत लांबचा चष्मा दुकानात राहिलेला. प्रज्ञाने हिरवी जर्सी सांगितली होती. जवळच्या गोलात हिरव्या जर्सीची, टोपी घातलेली उंच पोरगी पाठमोरी उभी होती. मी जाळीमागे बसकण मारली आणि चौदा महिन्यांची सगळी कसर काढली.

“शाब्बास बेटा! डावीकडं पाह्य! भिऊ नको, मी हाये ना!”

पोरगी काय खेळली! चार गोल अडवले, एकदा तर अगदी मी गावात सांगायचो तशी झेप घेऊन. पलीकडच्या टोकाला आमच्या पोरींनी दोन गोल मारले तेव्हा मी उभा राहून टाळ्या वाजवल्या. आसपास कोणी वाजवत नव्हतं. मला वाटलं, इकडचे लोक अबोल असतील.

मध्यंतर झालं. पोरगी वळून माझ्याकडे आली. टोपी काढली. ती प्रज्ञा नव्हती.

“काका, तुम्ही आमच्या क्लबातल्या कोणाचे?” तिने विचारलं. मी पिशवीत हात घातला. तीच पुढे म्हणाली, “माह्या घरून कधी कोणी येत नाही. आज पहिल्यांदा मागून कोणी बोललं. बरं वाटलं.”

अशा वेळी खरं बोलायची माझी ख्याती नाहीच. मी प्रज्ञासाठी आणलेली मोसंबी पिशवीतून काढून तिच्या हातावर ठेवली आणि चांगली खेळतेस एवढंच म्हटलं, जे खरंही होतं. ती सालीसकट वास घेत मैदानाकडे गेली.

मग संघांनी बाजू बदलल्या, आणि पलीकडच्या टोकाची गोलकीपर, तीही हिरव्याच जर्सीत, चालत माझ्याकडे आली. कोपर सोललेलं, तोंड घामेजलेलं. गोलापाशी येऊन ती थांबली.

“पप्पा, माह्यावर दोन गोल झाले तवा उभा राहून टाळ्या वाजवणारा माणूस तुम्हीच होते ना?”

“हो,” मी म्हटलं. “पण दुसऱ्या गोलाले जरा कमीच वाजवल्या.”