स्टार्टरमधली काडी

दाजी आमच्या शेतात शेवटचे आले ते हुरड्याला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. विहिरीवरच्या मोटारी जळाल्या की आतली जळकी तांब्याची तार काढायची आणि नवी भरून द्यायची, हा त्यांचा सेलूत चाळीस वर्षांचा धंदा. त्या दिवशी दुकानाला कुलूप लावून, अक्काला स्कूटरवर मागे बसवून, तिच्या मांडीवर दह्याची बरणी देऊन ते अकराच्या आत हजर. कणसं भाजायच्या आगटीजवळ आम्ही दोघंच उरलो तेव्हा मी मनाचा हिय्या केला. म्हणालो, "दाजी, तुमाला एक सांगायचं व्हतं... लय दिवसाचं ऱ्हायलंय."

ते तळहातावर कणीस चोळत होते. फुंकर मारून भुसा उडवला आणि दाणे माझ्या हातावर ओतले. "पाव्हणे, हुरडा गरम हाय तवर खाऊन घ्या. बोलणं गार झालं तरी चालतंय."

मी खाल्ला. त्यानंतर एकोणीस दिवसांनी सकाळी भाचीचा, मनीषाचा फोन आला. दाजींनी दुकान उघडलं, चहा घेतला, खुर्चीत टेकले आणि तसेच गेले. कुणाला त्रास दिला नाही. मी फोन कानाला लावून विहिरीच्या काठावर बसलो, आणि लाज वाटते सांगायला, पहिला विचार आला तो त्यांचा नाही, माझाच आला. आता हे कुणाला सांगू?

मी मुळात कमी बोलणारा. लोकांना वाटतं माणूस समजूतदार आहे. खरं तर अकरा वर्षं एक गोष्ट तोंडात धरून ठेवली होती, म्हणून दुसरं बोलणंही जपूनच यायचं. पण ती गोष्ट सांगण्याआधी दाजी सांगायला हवेत, नाहीतर तिची किंमत कळायची नाही.

तार भरताना दाजी वेढे मोजत. मोटारीप्रमाणे तारेच्या प्रत्येक गुंडीचे वेढे ठरलेले. एक कमी नाही, एक जास्त नाही. मोजत असताना त्यांना काही विचारलं तर उत्तर म्हणून आकडा यायचा. "चहा ठेवू का?" "बावीस." "लाइटवाला आलाय." "तेवीस." माझे वडील अक्कासाठी स्थळ बघायला म्हणून पहिल्यांदा दुकानात गेले, तेव्हा हा मुलगा मान वर करेना. वडिलांनी रामराम घातला, तर हा म्हणाला, "सतरा." वडील पटका सावरून उठले, दारापर्यंत गेले. तेवढ्यात गुंडी संपली. मुलानं धावत येऊन पाया पडून सांगितलं, "मामा, मधी बोललो असतो तर कुण्या शेतकऱ्याचं पाणी बंद पडलं असतं." घरी येऊन वडील आईला म्हणाले, "पोरगं येडं हाय. पण अक्काला तिथंच देऊ."

चालू मोटारीवर दाजी तळहात ठेवायचे. डोळे मिटून, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. मग म्हणायचे, "ताप न्हाई." मीटर होतं त्यांच्याकडे, पण हाताचं झाल्याशिवाय मीटर लावायचे नाहीत. तारेवरचं वार्निश वाळवायला त्यांनी बल्ब लावून एक पत्र्याची पेटी केली होती. पावसाळ्यात मनीषाचा शाळेचा ड्रेसही त्याच पेटीत वाळायचा. पोरगी वर्गात शिरली की वार्निशचा वास यायचा, म्हणून बाईंनी एकदा घरी बोलावणं पाठवलं. दाजी स्वच्छ सदरा घालून शाळेत गेले आणि येताना शाळेची बंद पडलेली मोटार घेऊन आले.

पुढं मनीषा शिकली, आणि शिकून दुकानातच बसली. लोक म्हणाले, पोरीच्या जातीला हे काळं काम कशाला? दाजी म्हणायचे, "तिची बोटं बारीक हायत. खाचेत तार कशी बसती बघा. मला तरी जमायलंय का आता?" असं म्हणून तिचं काम गिऱ्हाइकाला दाखवताना त्यांचा आवाज इतका चढायचा की शेजारच्या दुकानातले लोक बघायला यायचे.

आता माझी गोष्ट.

अकरा वर्षांपूर्वी दाजींनी माझी मोटार भरून दिली होती. गव्हाला पाणी चालू होतं. लाइट सारखी यायची, जायची. तिनातला एक फेज कमी झाला की स्टार्टर पडायचा, मोटार बंद व्हायची, आणि दर वेळी विहिरीवर जाऊन बटण दाबावं लागायचं. स्टार्टर पडतो तो मोटार वाचावी म्हणूनच. हे मला ठाऊक होतं. पण पूर्णेला लग्न होतं, सकाळची गाडी धरायची होती. मी बाभळीची एक काडी तोडली, स्टार्टरात खोचली, म्हणजे तो पडायचाच नाही, आणि लग्नाला गेलो. दुपारी जिलबीचं ताट पुढ्यात होतं, तेव्हा इकडे मोटार जळत होती.

संध्याकाळी आलो तर विहिरीपाशी जळका वास. पहिलं काम केलं ते काडी काढून विहिरीत टाकायचं. मग गावात आलो. स्टँडवरच्या हॉटेलात लोक बसलेले. कुणी विचारलं, "दोन महिन्यामागंच भरली व्हती की?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "घरचं काम म्हणून दाजीनं हलकी तार घातली वाटतं." बस, एवढंच. त्या हंगामात आमच्या गावातली एकही मोटार दाजींकडे गेली नाही.

दाजी स्वतः आले. लिंबाखाली चारचौघांसमोर मोटार खोलली. जळालेली तार बोलते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तार हलकी असती तर एखाद्या जागी भोक पडून जळाली असती. इथं तीन भागांतले दोन भाग कोळसा झालेले आणि तिसरा भाग कोरा, जसा भरला तसा. एक फेज नव्हता आणि तरी कुणीतरी मोटार चालू ठेवली, हे जाणत्याला तिथं लिहिल्यासारखं दिसत होतं. दाजी बराच वेळ आत बघत राहिले. मग माझ्याकडं बघितलं. मी लिंबाकडं बघितलं... त्यांनी झाकण लावलं आणि लोकांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चुकतं कवा कवा. भरून देतो, पाव्हणे."

इतकंच असतं तरी मी कदाचित विसरलो असतो. पण माझं बोलणं अक्काच्या कानावर गेलं, आणि तिनं ते खरं धरलं. भाऊ कशाला खोटं बोलेल? तेव्हापासून त्यांच्या घरात ती एक थट्टाच होऊन बसली. भाजी करपली की अक्का म्हणायची, "तुमी माझ्या भावाची मोटार जाळली, मी एक वांगं जाळलं तर काय झालं?" दाजी करपलेलं वांगं बोटानं निपटून खात आणि म्हणत, "चला, फिटंफाट." सगळे हसायचे. मीही त्याच पंगतीत बसून हसायचो. अकरा वर्षं.

दाजींचं सगळं कार्य आटोपलं, पाहुणे गेले, आणि अक्का माजघरात एकटी लसूण सोलत बसली होती. मी समोर बसलो आणि काडीपासून सगळं सांगितलं. मधे थांबलो नाही. थांबलो असतो तर पुढं गेलोच नसतो. अक्काच्या हातातला लसूण तसाच राहिला. मला वाटलं, ताट फेकून मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"त्यांना कळलं व्हतं?"

"मोटार खोलली तवाच."

"आन् मला बोलले न्हाईत." तिनं लसूण ताटात ठेवला. मग पदरानं डोळे पुसत म्हणाली, "भाग्वत्या, मी येवढी वांगी जाळली रे त्या माणसाची... मुद्दाम बी जाळली दोन-चार डाव." आणि तिला हसू फुटलं. रडता रडता हसायला लागली की अक्काला थांबवता येत नाही. मलाही आलं. शेजारची बाई डोकावून गेली, दुखाच्या घरात हे काय चाललंय म्हणून.

हसू ओसरल्यावर अक्का म्हणाली, "कुठं बोलला व्हतास? हॉटेलात ना? मग तिथंच जाऊन सांग. आन् पेपरात काय काय लिहून देतोस ना कापसावर, सोयाबीनवर? तसं हे बी लिही."

हॉटेलात गेलो. चार माणसं जमल्यावर उभं राहून सांगितलं. मग निवृत्ती नाना, वय ऐंशीच्या पुढं, कप खाली ठेवून म्हणाले, "तुझी येकच काडी व्हती का? माझी दोन डाव जळाली. दोन्ही डाव मी त्यांच्याच माथी मारली." बाकीचे आपापल्या चहात बघायला लागले. एकजण कपात तोंड घालून म्हणाला, "मी खिळा लावायलो, काडी न्हाई." अर्ध्या गावाच्या काड्या त्या एका माणसानं झाकून ठेवल्या होत्या.

आता माझ्या स्टार्टरात काडी नाही. दिवसातून चार वेळा विहिरीवर चालत जातो. मोटार चालू झाली की वर तळहात ठेवतो. ताप मला कळत नाही, पण ठेवतो.

राहिली होती मनीषा. परवा सेलूला गेलो. दाजींची खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली, तिच्यावर कुणी बसत नाही. बल्बची पेटी चालू, वार्निशचा तोच वास. मनीषा खाली बसून गुंडी भरत होती. अक्कानं तिला सगळं सांगितलेलं होतं. मी दारातच उभा राहिलो आणि विचारलं, "मनीषा, मामावर रागावलीस का गं?"

तिनं मान वर केली नाही.

"एकोणतीस," ती म्हणाली.

मी चप्पल काढली आणि गुंडी संपेपर्यंत बसून राहिलो.