जिनिंगच्या भिंतीवरची माचीस

मंडळी, आज खामगावच्या जिनिंगात जे पाहिलं, ते अजून डोळ्यांसमोरून हटत नाही.

सासऱ्यांसोबत कापूस द्यायला गेले होते. मामाजी म्हणजे एक बिडी विझायच्या आत दुसरी पेटवणारा माणूस. घरात माझी तान्ही लेक आहे म्हणून मी किती भांडले, पण ते ऐकतील तर शपथ!

आणि जिनिंगच्या गेटवर? कोणी न सांगता मामाजींनी माचीस काढून भिंतीवर ठेवली. तिथं आधीच माचिसींची रांग लागलेली. आत कापसाच्या पांढऱ्याशुभ्र, डोंगराएवढ्या गंज्या, आणि त्यांच्यापुढं एवढे सगळे बिडीवाले दुपारभर न पेटवलेली बिडी ओठात धरून बसलेले! देवळातही इतका मान राखलेला मी पाहिला नाही.

परतताना विचारलं, "मामाजी, इथं जमते, मंग घरी काऊन नाही जमत?"

"कापूस हाय तो. एक ठिणगी पडली का गेला समदा," एवढंच म्हणाले.

घरी आलो. मामाजी फाटकातच थांबले. माचीस कुंपणाच्या भिंतीवर ठेवली आणि ओसरीतल्या पाळण्याकडं बघत हळूच म्हणाले, "आतमंदी कापूस निजेल हाय."

तुमच्या घरचे बिडी-सिगरेटवाले माचीस कुठं काढून ठेवतात हो?