दोन गावांतलं एकच पान

हिंगोलीच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवते. मागच्या वर्षी एका संशोधन पत्रिकेनं हळदीवरच्या करपा रोगाचा एक शोधनिबंध माझ्याकडे तपासायला पाठवला. लेखकाचं नाव झाकलेलं होतं. सोबत परीक्षकांसाठी सूचना होत्या : निबंध कुणाला दाखवू नका. शंका आली तर फक्त संपादकांना कळवा. लेखक ओळखीचा वाटला तर तेही सांगा.

निबंध चांगला होता. मी अडकले ती फोटोंपाशी. एक रोगट पान सिद्धेश्वरच्या कालव्याकाठच्या शेतातलं, दुसरं साखरा गावच्या विहिरीवरच्या शेतातलं, असं खाली लिहिलं होतं. पण ठिपक्यांची ठेवण ओळखीची वाटली. पत्रिकेनं फोटो पडताळायची सोय दिली होती. मी दुसरा फोटो आरशातल्यासारखा उलटवला, थोडा उजळ केला आणि पहिल्यावर ठेवला. ठिपक्यावर ठिपका बसला.

मग पहिल्या फोटोतला पांढरा ट्रे दिसला. कोपऱ्यावर टवका उडालेला. असाच ट्रे आमच्या प्रयोगशाळेत आहे, आणि माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारे सर पावसाळाभर मोटरसायकलवर सिद्धेश्वरला जात होते.

विचारायचं कुणाला? विचारलं तर सूचना मोडते. दुसऱ्या दिवशी चहाला सर म्हणाले, "मॅडम, आजकाल लई कामात दिसून राहिल्या. काही तपासायला आलं काय?"

"पेपर आहेत पोरांचे," मी म्हटलं.

"निकाल तर लागला ना?"

त्यांना काही कळलंय का, की सहज विचारताहेत? त्या दिवसापासून त्यांचं साधं बोलणंही मी उलटंपालटं करून ऐकू लागले. एकदा ते माझ्या संगणकामागून गेले, तर मी पडदाच बंद केला. ते थबकले, मग आपल्या टेबलाकडे गेले.

शेवटी संपादकांना लिहिलं. दोन्ही फोटो एकाच पानाचे वाटतात, मूळ फोटो मागवावेत. आणि लेखक माझे सहकारी असावेत असा संशय आहे. लबाडी हा शब्द मी लिहून खोडला. सूचनेत होतं, दिसलं तेवढंच लिहा. संपादकांनी आभार मानले, निबंध माझ्याकडून काढून घेतला आणि माझं निरीक्षण दुसऱ्या परीक्षकाकडे दिलं.

काही आठवड्यांनी सर स्वतःच म्हणाले, "आमच्या पेपरात कुणीतरी लई बारीक खोट काढली. एकच फोटो दोनदा लागला म्हणे. लावताना गडबड झाली, दुसरं काय! मूळ फोटो पाठवून दिले."

"बरं झालं," मी म्हटलं.

"तुमी तर न्हाई ना?" ते हसले. डोळे मात्र हसत नव्हते.

"काहून विचारता?"

"असंच."

गडबडीत फोटो दोनदा लागतो, हे मला पटत होतं. पण तो उलटा कसा होतो, ते विचारता येत नव्हतं. विचारलं असतं तर त्यांच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळालं असतं त्यांना.

निबंध छापून आला तेव्हा सरांनी तो माझ्या टेबलावर आणून ठेवला. साखऱ्याचं पान आता वेगळं होतं. ते साखऱ्याचंच होतं का, ते फोटोवरून कुणालाच सांगता आलं नसतं.

"बघा बराबर," सर म्हणाले आणि खुर्ची ओढून समोर बसले.

मी पान उलटलं.