साहेबांचं पत्र घेऊन साताऱ्याला

साताऱ्यात काय बघावं, असं कुणी विचारलं की मी किल्ला आणि कंदी पेढे सांगून मोकळी होते. स्वतः मात्र तिथे पहिल्यांदा गेले ती एका दिवंगत मंत्र्यांचं स्मृती-संग्रहालय बघायला. नव्वदच्या दशकातली गोष्ट. ज्यांच्याकडे या मंत्र्यांची, म्हणजे साहेबांची, जुनी पत्रं असतील त्यांनी ती आणावीत, लोकांसमोर वाचावीत आणि वाटलं तर संग्रहाला द्यावीत, असा कार्यक्रम होता. पेपरातली ही बातमी मीच मावशीला वाचून दाखवली, म्हणजे पुढचं सगळं मीच ओढवून घेतलं.

मावशी कवठे महांकाळची. काका एकाहत्तरच्या लढाईत गेले तेव्हा साहेबांचं पत्र आलं होतं. मावशीला वाचता येत नाही. पोस्टमनने ते एकदाच वाचून दाखवलं आणि पत्र देव्हाऱ्यात गेलं. दर खंडेनवमीला काकांच्या फौजी पट्ट्याबरोबर त्याचीही पूजा व्हायची, त्यामुळे सही हळदकुंकवाखाली दिसेनाशी झालेली. ‘साहेबांनी सवता माझ्यासाठी लिवलंय’ हे गावात सगळ्यांना पाठ होतं. ते कायमचं द्यायचं की नाही, हे ती तिथे जाऊन ठरवणार होती.

सकाळच्या एसटीने सांगली, तिथून साताऱ्याची गाडी. वाटेत उसाच्या ट्रॉल्या पुढे आणि आपण मागे, तेव्हा वेळ हाताशी ठेवून निघा. कराडच्या स्टँडवर चहा बरा मिळतो. आम्ही भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घरूनच नेली होती. मावशीने पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

संग्रहालयाला तिकीट नव्हतं. चपला बाहेर, फोटोला मनाई. साहेबांचा चष्मा, पेनं, भेट मिळालेले फेटे बघत मी एका काचपेटीपाशी आले. आत तीन पत्रं होती, तीन जवानांच्या बायकांना पाठवलेली. तिन्ही टाइप केलेली, ओळ न् ओळ सारखी, फक्त नावं वेगळी. देव्हाऱ्यातलं मावशीचं पत्रही टाइप केलेलंच होतं. मावशीला मी घाईने फेट्यांकडे वळवलं.

पण कार्यक्रम टळणार नव्हता. संग्रहालयाच्या अधिकाऱ्यांनी मावशीचं पत्र वाचायला घेतलं, आणि दुसऱ्याच वाक्याला तासगावहून आलेल्या एक बाई उठून म्हणाल्या, “आवं, ह्ये तर माझंच हाय!” त्यांच्या हातात त्यांचं पत्र होतं.

“ह्यांचं आन् माझं येकच व्हय?” मावशीने विचारलं.

“हो, ताई. बऱ्याच घरी गेलं असणार,” अधिकारी म्हणाले.

“बऱ्याच म्हंजी किती?”

अधिकाऱ्यांनी पत्राची घडी घातली. तिला इथे आणल्याबद्दल मला स्वतःचा भयंकर राग आला. मावशी उठली आणि तासगावच्या बाईंच्या शेजारी जाऊन बसली. त्या बाईंनी तिचा हात धरला. थोड्या वेळाने मावशी तिथूनच म्हणाली, “ठिवून घ्या. ह्या बाईंच्या पत्राजवळ ठिवा.”

रात्र साताऱ्यात काढून दुसऱ्या दिवशी आम्ही परतीची गाडी धरली. मी सारखी माफीची जुळवाजुळव करत होते आणि जमत नव्हतं. संग्रहालयातल्या निम्म्या वस्तू आज मला आठवतही नाहीत.

घरी पोचलो तर शेजारीण दारातच. “पत्र देऊन आलीस? आगं, साहेबांनी तुलाच लिवलं हुतं न्हवं?”

“मला येकटीला न्हाई,” मावशी पायरीवर टेकत म्हणाली, “लय जणींना लिवलं हुतं. मलाच इतकी वर्सं वाटत हुतं, ह्ये माझ्या येकटीवर आलंय.”