ब्रह्मदेशातली बाई

माणूस जातो, पण त्याचा आवाज या विश्वात कायम भरून राहतो, असं देवानंदच्या शोकसभेत एक वक्ते म्हणाले. सभेला ते पटलं. ज्याच्यासाठी सभा भरली होती, त्याला पटलं नसतं. एफएमचा आवाज साठ-सत्तर किलोमीटरवर दम सोडतो. त्यापुढे ऐकू आलाच तर काही मिनिटांपुरता आणि उपकार म्हणून. हे देवानंदइतकं मोहाडीत कुणी अनुभवलं नव्हतं.

जूनच्या सुरुवातीला एका सकाळी नागपूरच्या दवाखान्यातून सुलोचनावहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले जी," एवढंच त्या म्हणाल्या. फोन मात्र चालूच राहिला... पलीकडे कुणीतरी लिफ्ट कुठे आहे ते विचारत होतं.

देवानंद आणि मी जवाहरनगरच्या फॅक्टरीत एकाच विभागात होतो. निवृत्तीनंतर तो मोहाडीला परतला आणि त्याने गच्चीवर ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा अँटेना उभारला. गावाला वाटलं, याने जुना टीव्ही आणला. त्याला छंद होता दूरदूरची एफएम स्टेशनं पकडण्याचा. मे-जूनमध्ये कधी कधी आकाशात फार उंचावर विजेने भारलेला एक थर तयार होतो. त्यावर आदळून हजार-दीड हजार किलोमीटरवरचं स्टेशन आपल्या गच्चीवर उतरतं, थोडं बोलतं आणि निघून जातं. छंदाचा नियम कडक होता: स्टेशनचं नाव स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय ते पकडलं असं म्हणायचं नाही.

त्याला असं एक स्टेशन भेटलं होतं. दुपारी, पूर्वेकडून. एक बाई न कळणाऱ्या भाषेत शांतपणे बोलायची, मग तंतुवाद्य वाजायचं, आणि ती पुन्हा बोलू लागली की आवाज बुडायचा. नाव राहून जायचं. "ब्रह्मदेशातली आहे बहुतेक," तो म्हणायचा. काही उन्हाळे ती अशीच येत राहिली. नाव समजून काय करशील, असं मी एकदा विचारलं.

"पह्यल्या दिवशी तुयं नाव कायले इचारलं होतं मी?" तो म्हणाला.

मग आमच्या भागात नवं एफएम केंद्र मंजूर झालं. उद्घाटनाच्या पत्रिकेत सत्कारमूर्ती म्हणून देवानंदचं नाव होतं: ज्येष्ठ रेडिओप्रेमी. खाली केंद्राची फ्रिक्वेन्सी छापली होती. ती त्याने दोनदा वाचली. बाई बोलायची तीच.

"मंग सांग ना त्यायले," मी म्हणालो.

"काय सांगू बे? ब्रह्मदेशातल्या बाईले बोलू द्या म्हणू?"

तो गेला. शाल घेतली, नारळ घेतला. रेडिओने जग जवळ आणलं, या विषयावर पाहुणे जग पुन्हा लांब जाईपर्यंत बोलले. त्या दिवसापासून बाईच्या जागी धानावरच्या तुडतुड्यांचा बंदोबस्त ऐकू येऊ लागला. माहिती उपयुक्त होती, त्यामुळे तक्रारीलाही जागा नव्हती.

यंदा मे महिन्यात केंद्राच्या यंत्रात बिघाड झाला आणि प्रक्षेपण बंद पडलं. देवानंद तेव्हा किडनीच्या दुखण्यासाठी नागपुरात भरती होता. मी भेटायला गेलो तेव्हा त्याला हे सांगितलं. तो उठून बसला.

"खरंच बंद हाय? नुसती खरखर येऊन राहिली?"

"हो. मी बसू का तुया रेडिओपाशी?"

"तू ऐकलेलं माह्या कामाचं नाही गा."

डॉक्टर आले तेव्हा सुटी कधी देता, एवढंच त्याने विचारलं. पेशंटची जगण्याची इच्छा दांडगी आहे, असं डॉक्टर बाहेर वहिनींना म्हणाले. "त्यायले रेडिओ लावाचा हाय जी," वहिनी म्हणाल्या. सुटी मिळाली नाही. केंद्र दुरुस्त होऊन सुरू झालं, त्याच आठवड्यात तो गेला.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी केंद्राने त्याला श्रद्धांजली वाहिली. मी वहिनींसोबत त्याच्या खोलीत बसलो होतो. कार्यक्रम सुरू होताच वहिनी उठल्या आणि त्यांनी कूलर बंद केला. कूलरच्या मोटारीची खरखर रेडिओत उतरते आणि दूरचा क्षीण आवाज तिच्यात बुडतो, म्हणून उन्हाळ्यात रेडिओ लागला की त्या घरात कूलर बंद व्हायचा. तो कान लावून बसायचा आणि वहिनी पदराने वारा घेत. आम्ही दोघं घाम पुसत ऐकत राहिलो... निवेदिकेने त्याचं पूर्ण नाव घेतलं, अगदी स्वच्छ.

कूलर बंद करायची गरज नव्हती. केंद्र तिथून चार किलोमीटरवर आहे.