अप्पांचा फाइव्ह नाइन

आमच्या छंदात एक जण बोलत असताना दुसऱ्याला मध्ये तोंड घालता येत नाही. समोरच्यानं बटन सोडेपर्यंत गप्प बसायचं. बायको म्हणते, तुम्हाला हेच औषध हवं होतं! पण त्यामुळे होतं काय, प्रत्येकाचा किस्सा शेवटपर्यंत ऐकावा लागतो, आणि आम्हा हॅम रेडिओवाल्यांकडे, म्हणजे हौसेनं बिनतारी सेटवर बोलणाऱ्यांकडे, किस्से साठत जातात.

आम्ही चौघं. लवळ्याच्या कॉलेजातून निवृत्त झालेले देवधर सर, सूसला राहून आयटीत नोकरी करणारी सायली, पिरंगुटात इलेक्ट्रिकचं दुकान चालवणारा मी, आणि मुठा गावचे अप्पा. अप्पांची सगळी नोकरी वायरलेस ऑपरेटर म्हणून झाली. रोज सकाळी सातला ते रेडिओवर आमची हजेरी घेतात आणि प्रत्येकाच्या आवाजाला मार्क देतात. फाइव्ह नाइन म्हणजे पैकीच्या पैकी, स्पष्टपणाला पाचपैकी पाच आणि जोराला नवापैकी नऊ. बाकीचे लोक ते खिरापतीसारखे वाटतात. अप्पांनी आजवर कुणाला दिलेले नाहीत.

*

देवधर सरांनी एकदा गच्चीवर भारीतला अँटेना बसवला. दोन दिवस माणसं राबली. तिसऱ्या दिवशी सकाळी सरांनी मोठ्या उत्साहात विचारलं, "अप्पा, आज कसा येतोय आवाज?"

"फाइव्ह सिक्स," अप्पा म्हणाले. "मागल्या हप्त्यात फाइव्ह सेव्हन व्हता. जुनी तार फेकली न्हाई ना?"

सर तसेच उठून भंगारवाल्याला गाठायला गेले.

*

सायली नव्या तंत्राची. कॉम्प्युटर रेडिओला जोडायचा, मग तो टुईंटुईं करत दूरच्या कॉम्प्युटरशी बोलतो आणि स्क्रीनवर अक्षरं उमटतात. अप्पांना पटावं म्हणून ती सगळा जामानिमा घेऊन मुठ्याला गेली. आम्हीही गेलो. बघता बघता ब्राझील लागलं.

"काय म्हनला त्यो?" अप्पांनी विचारलं.

"सिग्नल मिळाला म्हणाला."

"आनि पाऊसपानी?"

"तेवढं नाही बोलता येत यात."

"मंग त्याचा कंप्यूटर तुझ्या कंप्यूटरशी बोलला. तू कवा बोलली?"

सायलीचा चेहरा पडला. मला अप्पांचा रागच आला. पण पोरगी तयारीची. अप्पांना मोर्सच्या टिंब-रेघांच्या भाषेचा केवढा अभिमान, रोज रात्री कट्‌कट्‌ करत बसतात, हे तिला ठाऊक होतं.

"आणि तुम्ही मोर्स करता तेव्हा, अप्पा? तेव्हा नुसतं बोटच बोलतं की!"

अप्पा उठून आत गेले आणि आतूनच म्हणाले, "च्यात दूध जास्ती घालू का तुझ्या?"

*

अप्पा एकटे राहतात. मागे एकदा घरात चक्कर येऊन पडले, तेव्हापासून बाणेरला राहणारा त्यांचा मुलगा मागे लागला होता, फ्लॅटवर चला. अप्पा घर सोडायला तयार नव्हते. शेवटी तोडगा निघाला. रोज हजेरी झाली की देवधर सरांनी मुलाला फोनवर सांगायचं. ज्या दिवशी अप्पा हजेरीला नसतील, त्या दिवशी बिऱ्हाड बाणेरला.

डोंगराआड त्यांचा आवाज तुटायचा, म्हणून सायलीनं सगळ्यांसाठी इंटरनेटवरून चालणारे डिजिटल सेट आणले. अप्पांनी कानाला लावून पाहिला.

"ह्याला खरखर न्हाई. जुना सेट कुनी बोलत नसलं तरी खरखरतो, जित्ता हाय कळतं."

"अप्पा, हेच तर त्याचं कौतुक आहे," सायली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आमचे आवाज इतके स्वच्छ आले की अप्पांना नाव ठेवायला जागाच उरली नाही. "फाइव्ह एट," ते म्हणाले. "एक मार्क मशीनचा कापला."

*

आणि मग एका सकाळी अप्पा आलेच नाहीत. सात वाजून गेले, आम्ही हाका मारून थकलो. त्यांचा मोबाइल वाजून वाजून बंद झाला. मुलाला फोन करायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं. मी जात्याच घाबरट, नको नको ते मनात आलं. सरांना आणि सायलीला गाडीत घातलं आणि मुठ्याकडे निघालो.

उरवड्याच्या पुढे वळणावर समोरून दुधाचा टेम्पो आला. खिडकीतून जुन्या सेटचा एरियल बाहेर. मी ब्रेक मारला. टेम्पोही थांबला. आत अप्पा!

"तिघं बी हायेत!" असं म्हणून ते मटकन पायरीवर बसले. नव्या डिजिटल सेटचं बटन चुकून भलत्याच चॅनेलवर फिरलं होतं. दिवा चालू, खरखर नाही, आवाज नाही. अप्पांना वाटलं, सेट तर धड हाय, म्हणजे आम्हा तिघांचंच काहीतरी बरंवाईट झालं. जुना सेट उचलून आणि मोबाइल घरीच विसरून ते आम्हाला बघायला निघाले होते.

मी घरघरणाऱ्या गाडीला टेकून उभा राहिलो. सायली रडत होती आणि हसत होती. तेवढ्यात सरांचा फोन वाजला. बाणेरहून मुलगा.

"काका, आज उशीर झाला. अप्पा आले का हजेरीला?"

सरांनी फोन स्पीकरवर टाकला, हातभर अंतरावरच्या अप्पांकडे बघितलं आणि कधी नव्हे ते ओरडून म्हणाले, "आलेत! एकदम फाइव्ह नाइन! अप्पा, आमचा आवाज कसा येतोय ते सांगा याला!"

अप्पांनी डोळे पुसले, कान पुढे केला.

"फाइव्ह सेव्हन," ते म्हणाले. "आधी ती गाडी बंद करा."